वारशाने आलेला ध्वनिवर्धक
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



बदलीच्या नोकरीत संसाराचे पेटारे वारंवार उघडावे लागतात, आणि प्रत्येक वेळी त्यांतून अशी एखादी वस्तू निघते की जी टाकवत नाही व जिचे प्रयोजनही उमगत नाही. माझे दिवंगत सासरे हवाईयन गिटार वाजवीत. त्यांचा लोखंडी पेटीतील ध्वनिवर्धक आमच्यासमवेत चंदीगडला आला. पाटीवर ‘शिकागो’ हे नाव असल्याने तो अमेरिकेहून आणलेला, मोलाचा, अशी कुटुंबात समजूत. येथील कबाडी मात्र केवळ पत्र्याचा भाव देऊ लागला. सासूबाईंच्या हयातीतच याचा निर्णय व्हावा, अशी पत्नीची इच्छा होती.

‘शिकागो रेडिओ’ ही पेढी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची. 1931 च्या कराची काँग्रेसला यांचेच लाऊडस्पीकर होते, आणि गांधीजी व नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हेच नाव झळकते. अमेरिका येथेच संपली!

पुढे प्रश्न असा की, हा ध्वनिवर्धक वाद्याचा की सभेचा? गिटारच्या ध्वनिवर्धकात लाऊडस्पीकर बहुधा त्याच पेटीत बसविलेला असतो. उलट, दर्शनी बाजूस ‘माइक’ व ‘ग्रामोफोन’ अशी बटणे आणि मागे ‘100 व्होल्ट’ची जोडणी असेल, तर तो दूरवरच्या कर्ण्यांसाठी, म्हणजे सभामंडपासाठी केलेला समजावा. आमचा तसाच निघाला. यात नवल नाही. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ज्यांनी गिटार हाती घेतली, त्यांतील कित्येकांना वाद्याचा परदेशी ध्वनिवर्धक परवडणारा नव्हता. मिळेल त्या यंत्राला ते तार जोडीत.

वय ठरविताना व्हॉल्व्हवर फार भिस्त ठेवू नये. व्हॉल्व्ह दिव्यासारखे बदलले जातात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले; त्यांचा शिक्का त्याहून जुन्या यंत्रातही आढळू शकतो. शिवाय ईसीसी 83 आणि 12 एएक्स 7 ही एकाच व्हॉल्व्हची युरोपीय व अमेरिकी नावे आहेत, हे ठाऊक नसल्यास घोटाळा होतो. अमेरिकी बनावटीच्या यंत्रात आवाजाच्या बटणामागील भागावर आकडे असतात. उदाहरणार्थ, 1376612 मध्ये 137 हा निर्मात्याचा क्रमांक, पुढे 1966 साल आणि बारावा आठवडा. यंत्र त्यापूर्वीचे नसावे, एवढेच यावरून कळते.

एक विनंती कळकळीची. असे यंत्र कुतूहलापोटी एकदम विजेला जोडू नका, आणि स्वतः उघडू तर मुळीच नका. आतील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही तीन-चारशे व्होल्टचा प्राणघातक दाब राहू शकतो. हे काम व्हॉल्व्हचे यंत्र हाताळलेल्या कारागिराचेच.

सासूबाईंना विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “अहो, तो गणपती उठल्यावर मंडपवाल्याकडून घेतलेला.” इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांचे सांगणे लिहून तो कागद मी पेटीच्या झाकणास चिकटविला आहे. गिटार पुण्यास मेहुण्यांकडे आहे. ती येथे आणण्याविषयी पत्रव्यवहार चालू आहे.