उसाच्या फडातली पिल्लं आणि माणिकडोहचा निवारा



अमेरिकेत लुइझियानामध्ये, सुटका झालेल्या चिंपांझींचं एक अभयारण्य आहे...
चिंप हेवन.



असाच एक निवारा आपल्या पुणे जिल्ह्यात आहे...
जुन्नरजवळ, माणिकडोहला.
इथे राहतात बिबटे.
कुणी जखमी, कुणी विहिरीतून काढलेला.
वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था त्यांना सांभाळतात.

पण श्रोतेहो, पिल्लाला निवारा नको असतो.
त्याला आई हवी असते.

जिल्ह्यातल्याच शिरूरकडे ऊसतोड सुरू झाली, की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात.
ऊस दाट असतो, पाणी जवळ असतं.
म्हणून मादी तिथेच विते.

पिल्लू दिसलं, तर तोड थांबवा.
त्याला हात लावू नका.
फोटोसाठी गर्दी करू नका.
आई जवळपासच असते... आणि पिल्लासाठी ती अंगावर येऊ शकते.

शिरूरनं बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गमावली आहेत.
ते दुःख फार मोठं आहे.
म्हणूनच हे कळकळीनं सांगते.

वन विभागाला कळवलं, की प्राण्यांचे डॉक्टर येऊन पिल्लू तपासतात.
अंधार पडताना ते त्याच जागी ठेवलं जातं.
मग सगळे दूर होतात.
बऱ्याचदा त्याच रात्री आई येते, पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते.

पुन्हा सांगते... पिल्लाला हात लावू नका.
आधी वन विभागाला फोन करा.
क्रमांक आहे 1926.
एक... नऊ... दोन... सहा.