पणजीचे माहेर
(व्याख्यानाचा सारांश)



कोणत्याही घरात पणजोबांचे नाव विचारले, तर ते सांगणारा कोणीतरी भेटतो. पणजीचे माहेरचे नाव व गाव विचारले, की बैठक स्तब्ध होते. वंशवृक्षावर पुत्र, पौत्र, प्रपौत्र अशा शाखा शोभतात. त्या शाखा ज्यांनी वाढविल्या, त्या माता मात्र तेथे क्वचितच दिसतात.

महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, पुढे पुरंदर तालुक्यातील खानवडीचे. त्यांच्या मातोश्री चिमणाबाई या धनकवडीच्या झगडे पाटलांच्या कन्या. जोतीराव तान्हे असतानाच त्या निवर्तल्या. पुत्र थोर झाला, चरित्रकारांनी शोध घेतला, म्हणून त्यांचे माहेर आज सांगता येते. ज्यांच्या पुत्रांची चरित्रे लिहिली गेली नाहीत, अशा असंख्य मातांचा शोध त्यांच्या घरच्यांनीच घ्यावयाचा आहे.

यवतसारख्या गावी तो घेणे अशक्य नाही. आरंभ अखेरच्या नोंदीपासून करावा. गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक, यात गावातील जन्म-मृत्यू नोंदले जात. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. मृत्यूच्या नोंदीतील वयावरून जन्माचे साल अंदाजाने काढता येते. जुन्या कागदांवर दौंडऐवजी भीमथडी तालुका आढळतो आणि लिपी बहुधा मोडी असते. तेव्हा जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

दुसरा आधार फेरफार नोंदवहीचा. पती निवर्तला, की वारस म्हणून विधवेचे नाव लागते. पिता निवर्तला, की विवाहित कन्येचे नाव सासरच्या आडनावासह व गावासह लागते. सासर आणि माहेर एकाच ओळीत भेटतात, ते येथे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कन्येला पित्याच्या मिळकतीत वारसा दिला. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतः हक्क मिळाला. परंतु अनेक घरांत वारसनोंदीपाठोपाठ हक्कसोडपत्र येते. त्यावर तिचा अंगठा असतो. माहेरच्या दप्तरात तिचे नाव एका कागदाने येते आणि दुसऱ्या कागदाने जाते. शोध घेणाऱ्याने या ठिकाणी क्षणभर थांबावे.

ती शाळेत गेली असल्यास शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिचे विवाहापूर्वीचे नाव मिळते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेकरू कुटुंबांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. कापडाच्या पेढीवरील जुनी खातेवही हाही एक साक्षीदार आहे. लग्नाचा बस्ता वधूपित्याच्या नावे लिहिला जाई, सोबत तिथी असे. त्यावरून विवाहाचे वर्ष ठरविता येते.

माहेर कोठे शोधावे? शेतकरी घरांत पुष्कळदा वरवंड, पाटस, केडगाव अशा आसपासच्या गावी. व्यापारी घरांत ते अहिल्यानगर, सोलापूर किंवा थेट मारवाडातही सापडते. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. विवाहात नाव बदलण्याची रीत असल्याने माहेरची व सासरची नावे निराळी असू शकतात. वयेही अंदाजाने लिहिलेली असतात. म्हणून एका नोंदीवर विसंबू नये, दोन नोंदी जुळल्यावरच निष्कर्ष काढावा.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात प्रथम स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. पुढच्या पिढ्यांना आईचा शोध घ्यावा लागणार नाही. मागच्या मातांची उणीव मात्र कोणताही निर्णय भरून काढू शकत नाही.

व्यापारी घरात दिवाळीला वहीपूजन होते. त्या दिवशी हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे जन्मनाव, तिचे माहेर, तिचे माता-पिता आणि भावंडे तीत लिहावीत. सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीचेही लिहावे. प्रथम घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीजवळ बसून तिला विचारावे. दप्तरातील कागद उद्याही मिळतील, तिची स्मृती उद्या मिळेलच असे नाही.