सरकी, संगणक आणि सभासदांची यादी



आमची शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते कामगारांच्या संघटनेत. संगणकावर आम्ही काय बोलणार, असे कोणास वाटेल. पण चूक केलेल्याला त्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार पोचतो.

अकोल्याच्या आमच्या कचेरीत सभासदांच्या वर्गणीची नोंद संगणकावर असते. त्यात नवे सॉफ्टवेअर हवे होते, ते फक्त चाचणीच्या भांडारात मिळाले. आम्ही ते भांडार जोडले, हवे ते घेतले आणि विसरलो. पुढल्या अद्ययावतीकरणात बरेचसे यंत्र चाचणीच्या आवृत्त्यांवर गेले. सभेच्या आदल्या दिवशी यादी उघडेना!

दोष आमचाच. पॅकेजे बसवणारा 'ॲप्ट' हा हुकमाचा ताबेदार कारभारी. पसंती सांगितली नाही, तर जोडलेल्या भांडारांतून ज्याचा आवृत्तिक्रमांक मोठा ते तो उचलतो. 'स्थिर भांडार प्रथम' असे लिहून ठेवले, म्हणजे तो तेथेच राहतो. मागाल तेवढेच दुसरीकडून आणतो.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियनची रीत पाहा. नवे पॅकेज आधी अस्थिर भांडारात येते. त्याचे नाव 'सिड', 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचे! काही दिवसांत मोठा दोष निघाला नाही, तर ते चाचणीत जाते. सुमारे दोन वर्षांनी चाचणीत नव्याची आवक थांबवतात, दोष काढतात आणि तेच स्थिर म्हणून जाहीर करतात. पुढे त्यात सुरक्षेच्या व मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या येतात, नवलाई सहसा येत नाही.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही वाण आधी चाचणीच्या शेतात पेरतात, मग प्रसारित करतात. नवी सरकी आली की शहाणा माणूस चार तासे लावून पाहतो; सारे वावर तिच्यावर टाकत नाही. कारण पऱ्हाटी बुडाली तर वर्ष घरच्यांचे बुडते.

आमचा प्रश्न एवढाच: जोखीम कोणाची? यादी सभासदांची होती, आणि आम्ही त्यांना विचारले नव्हते. पण कोणीच चाचणी घेतली नाही, तर स्थिर आवृत्ती यायची कोठून? दुसऱ्यांच्या श्रमावर आयते बसणे आमच्या संघटनेत शोभत नाही.

म्हणून आता यादीचे यंत्र स्थिरावर आहे. अमरावतीच्या कचेरीतील एका जुन्या यंत्रावर चाचणी चालते. दोष दिसला की तो नीट लिहून करणाऱ्यांना कळवतो. ते यंत्र अधूनमधून बंद पडते. सभा मात्र ठरल्या दिवशी होते.