अजून ठरलं नाही, हेही उत्तर आहे



आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडद्यामागे राहून खुर्च्या लावल्या, नाचणाऱ्यांचे कपडे सांभाळले, त्यांचंही तितकंच अभिनंदन.

स्नेहसंमेलनाला आलेला पाहुणा मुलांना हमखास एक प्रश्न विचारतो: मोठेपणी कोण होणार? तो प्रश्न मी आज विचारणार नाही. ज्यांचं उत्तर तयार आहे, त्यांना माझ्या शुभेच्छा. पण एसएसएलसी, म्हणजे दहावी, तोंडावर आलं, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं की कॉमर्स, आळंदातच शिकायचं की कलबुर्गी-सोलापूर गाठायचं, हे ज्यांचं अजून ठरत नाही आणि त्यामुळे ज्यांची रात्री झोप उडते, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. तुमचा गोंधळ म्हणजे तुमची कमतरता नव्हे. त्या काळात हात कामाला लागलेले असतील, तर माणूस त्यातूनच घडत जातो.

हे मी आळंदात उभा राहून सांगतोय, याला कारण आहे. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी आळंद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला ते संस्थान भारतात सामील होईपर्यंत, म्हणजे तेरा महिने, उद्या आपण कोणत्या राज्यात उठणार हे इथल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, आणि त्याबरोबर आपलं आळंद, तसंच बिदर, रायचूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. ज्या पिढीनं निजामाच्या काळात सरकारी कागद उर्दूत वाचले, तिनं पुढे तेच कागद कन्नडमध्ये वाचले, आणि घरात ती मराठीच बोलत राहिली. तुमच्या पणजोबांना कुणी भविष्य लिहून दिलं नव्हतं. तरी त्यांनी पेरण्या केल्या, लग्नं लावली, पोरांना शाळेत घातलं. आज तुम्ही घरात मराठी, बाजारात कन्नड, दोस्तांमध्ये दख्खनी आणि परीक्षेला इंग्रजी अशी भाषा बदलत जगता. कधी कधी एका वाक्यात तीन भाषा येतात आणि तुम्हाला लाज वाटते. लाजू नका. जिथं एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते, तिथल्या माणसाला दुसऱ्याची बाजू लवकर कळते.

आता तुमच्याच वयाच्या मुलांची गोष्ट सांगतो. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हट्ट धरला. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि आपल्या गुलबर्ग्यातही पोचलं. त्यापायी शेकडो मुलांची नावं कॉलेजातून कमी झाली. क्षणभर त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घरी काय सांगायचं? वर्ष वाया गेलं का? दुसरं कुठलं विद्यापीठ दारात उभं करेल का? घरून निघताना यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. तिथं शिकायला गेलेल्यांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तरुण होता. 1991 साली तो या देशाचा पंतप्रधान झाला.

दुसरी गोष्ट आपल्याच मुलखातली. विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला 1903 साली व्यंकटेश खेडगीकर नावाचा मुलगा जन्मला. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यानं सरकारी शाळा सोडली. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून शिक्षण पुरं केलं. मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगारांचं काम धरलं. आजारपणानं तेही सुटलं. पुढे हा तरुण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, म्हणजे इथून फार लांब नसलेल्या खेड्यात, मास्तर झाला. मग संन्यास घेतला, आणि संन्यासी होऊनही मास्तरकी सोडली नाही. 1935 ला अंबाजोगाईच्या शाळेत गेला. तेव्हा एखाद्या नातेवाईकानं हिशेब मांडला असता तर म्हणाला असता, या मुलाचं एक काही धड नाही. पण 1938 ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा ते सगळं शिकलेलं एकत्र कामाला आलं: कामगारांत शिकलेली संघटना, खेड्यातल्या मुलांना शिकवताना आलेली भाषा, संन्याशाचा निर्भयपणा. तेच स्वामी रामानंद तीर्थ. 1952 च्या पहिल्या लोकसभेत ते आपल्या गुलबर्ग्याचे खासदार होते. त्यांच्या आयुष्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: वाट बदलली, पण कुठल्याही वाटेवर ते रिकामे बसले नाहीत.

म्हणून मित्रांनो, गोंधळ झाला की आधी तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. एक गोंधळ माहिती नसल्यामुळे होतो. डिप्लोमाला कोणत्या शाखा असतात, राज्यघटनेच्या कलम 371 (जे) नुसार आपल्या भागातल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत काय राखीव आहे, हे ठाऊक नसेल तर शिक्षकांना विचारा, आठ दिवसांत तो गोंधळ संपेल. दुसरा गोंधळ आवडीचा. चित्रं काढावीशी वाटतात आणि गणितही आवडतं. तो विचारून सुटत नाही, तो करून पाहून सुटतो. सुट्टीत कुणाच्या दुकानात बसा, एखाद्या गवंड्याबरोबर, नर्सबरोबर, वकिलाबरोबर चार दिवस राहा. आणि तिसरा गोंधळ अनिश्चिततेचा; ती कुणालाच दूर करता येत नाही. निकाल काय लागेल, दहा वर्षांनी कोणत्या नोकऱ्या उरतील, हे मलाही माहीत नाही. तिच्याशी भांडत बसू नका. तिला बरोबर घेऊन चालायला शिका.

ते कसं, हे तुमच्या घरी ठाऊक आहे. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती तूर पिकवणारा शेतकरी पाऊस किती पडेल हे जाणून पेरत नाही. तो तुरीच्या ओळींमध्ये मूग किंवा उडीद पेरतो. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत हाताशी येतात, तूर मागे राहते. सुरुवातीला ती वर फारशी वाढत नाही, बघणाऱ्याला वाटतं पीक खुंटलं. पण त्या दिवसांत तिचं मूळ खाली खोल जात असतं, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तेच मूळ तिला तारतं. तुम्हीही असंच करा. लवकर हाती येईल असं एखादं कौशल्य, टायपिंग असो, शिवणकाम असो, हिशेब असो, आत्ताच शिकून घ्या. मोठं स्वप्न सावकाश मूळ धरू दे.

पालकांना हात जोडून एक विनंती. लेकरू म्हणालं, "अजून माझं ठरलं नाही," तर त्याला आळशी म्हणू नका. शेजारच्या पोराचे टक्के त्याच्यापुढे ठेवू नका. त्याला विचारा, "या आठवड्यात काय करून पाहिलंस?" त्या एका प्रश्नानं त्याला धीरही येईल आणि कामही मिळेल.

आणि मुलांनो, एक भेद नीट लक्षात ठेवा. पुढचं दिसत नाही म्हणून जीव कासावीस होणं वेगळं, आणि जगणंच नकोसं वाटणं वेगळं. मन त्या अंधाराकडे जायला लागलं तर एकट्यानं सोसू नका. आईला, आजीला, ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांना त्याच दिवशी सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तिथं आपल्या भाषेत बोलता येतं. मदत मागायला धैर्य लागतं, आणि ते तुमच्यात आहे.

उद्या सकाळी शाळेत आलात की एवढंच करा. वहीच्या शेवटच्या पानावर तुमचे न सुटलेले तीन प्रश्न लिहा. त्यातला एक प्रश्न याच आठवड्यात कुणाला तरी विचारा, एकावर काहीतरी करून पाहा, आणि एक तसाच उघडा राहू द्या. पुढच्या स्नेहसंमेलनाला तुमची उत्तरं बदललेली असतील, कदाचित प्रश्नही बदललेले असतील. तीच तुमची वाढ. आळंदच्या मातीनं तेरा महिन्यांची अनिश्चितता पेलली आहे. तुम्ही तिचीच लेकरं आहात, तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.