शेततळ्यातील मासा गळाने कसा धरावा?

(कळमेश्वर येथील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. मेळाव्याला आलो की तूर, कपाशी आणि संत्र्यावर बोलतो. आज मात्र संयोजकांनी गळावर बोलायला सांगितले, तेव्हा काहींना हसू आले असेल. गळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग अशी आपली समजूत आहे. पण २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि आपल्या भागात अनेकांच्या शेतात पाणी उभे राहिले. त्या पाण्यात काहींनी रोहू, कटला, मृगळ सोडले. बीज सोडण्याची माहिती सर्वांना मिळते, मासा बाहेर कसा काढायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

आपली अडचण अशी आहे. तळ्यातले पाणी मुळात संत्र्याच्या बागेसाठी आहे. उन्हाळा लागला की पाणी झपाट्याने खाली जाते, आणि मग सगळा मासा एकाच दिवशी जाळ्याने काढून मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. त्याऐवजी माघ-फाल्गुनापासून आठवड्याला चार-पाच किलो मासा गळाने काढला, तर घरी खायला होतो, शेजारी विकता येतो आणि उरलेल्या माशांना जागाही मिळते. जाळ्याचे काम गळ करू शकत नाही, पण जाळे आणि माणसे जमवण्याची रोजची गरज तो संपवतो.

मासा कोणत्या थरात असतो?

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात हेक्टरी ५ ते १० हजार या हिशेबाने साधारण ४५० ते ९०० बोटुकल्या बसतात. तिन्ही जाती सोडल्या असतील, तर गळ किती खोल ठेवायचा हे आधी ठरवा. कटल्यासाठी तरंगीखाली हात-दीड हात दोरा पुरे. रोहूसाठी तो पाण्याच्या निम्म्या खोलीपर्यंत सोडावा. मृगळासाठी आमिष तळाला टेकले पाहिजे. 'मासा लागत नाही' ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या थरात गळ टाकल्यामुळे असते.

साधने

पहिले वर्ष साध्या बांबूवर काढा. तीन-साडेतीन मीटर लांब, सरळ, वाळलेला आणि शेंड्याकडे लवचीक असा बांबू निवडा. त्याला तेवढ्याच लांबीचा ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा नायलॉन दोरा बांधा. ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा चांगली तरंगी होते. शिशाचा मणी गळापासून वीतभर वर लावावा. तरंगीचा फक्त शेंडा पाण्यावर दिसेल एवढेच वजन ठेवावे. तरंगी फार उंच राहिली, तर माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडतो.

गळाच्या क्रमांकाची गंमत लक्षात ठेवा: आकडा मोठा तेवढा गळ लहान. पाव ते अर्धा किलोच्या रोहू-मृगळाला ६ किंवा ८ नंबर चालतो. टोक नखावर हलके ओढून पाहा. ते रुतले तर धार आहे, घसरले तर कानशीवर घासा.

आमिषाला शेंगदाण्याची ढेप, तांदळाचा कोंडा आणि कणीक घट्ट मळून हरभऱ्याएवढी गोळी करावी. गोळी पाण्यात दहा मिनिटे टिकली पाहिजे. आदल्या दोन दिवशी संध्याकाळी त्याच जागी मूठभर खाद्य टाकले, तर मासे तेथे येऊ लागतात.

गाठ

मोठा मासा सुटतो तो बहुधा गाठीपाशी. दोरा गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फाशातून आणि मग नव्याने झालेल्या मोठ्या फाशातून काढा. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी ओढल्यास घर्षणाने नायलॉन तापतो आणि कमजोर होतो. गाठ बसल्यावर दोन्ही हातांनी ताणून पाहा.

चरखीचा गळ फेकण्याची रीत

बांबूवर हात बसला की चरखीची काठी घ्यावी. सहा-सात फुटांची, मध्यम लवचीक काठी पुरते. किती ग्रॅम वजन फेकता येईल हे काठीवर लिहिलेले असते. त्याहून जड वजनाने काठी मोडते, फार हलके वजन दूर जात नाही. चरखीवर दोरा कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरा. कमी भरला तर फेक तोकडी पडते, जास्त भरला तर दोऱ्याचा गुंता होतो.

फेक शिकायची ती तळ्यावर नाही, खळ्यावर. गळ काढून फक्त शिशाचे वजन बांधा. पंधरा पावलांवर टोपली ठेवा. वजन काठीच्या शेंड्यापासून वीतभर खाली लोंबू द्या. दोरा तर्जनीवर धरा आणि चरखीची कडी उघडा. काठी समोरून उचलून डोक्याच्या किंचित मागे न्या, थांबा आणि मनगटाच्या झटक्याने पुढे आणा. काठी समोर तिरपी आली की तर्जनी सोडा. वजन आभाळात गेले तर बोट लवकर सुटले, पायाशी आदळले तर उशिरा सुटले. ताकदीचे काम येथे नाही. दांडगा गडी जोर लावतो आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी टोपलीत वजन टाकते, हे मी पाहिले आहे.

झाडाखालून फेकायचे असेल, तर काठी कमरेच्या उंचीवर आडवी फिरवा. पण आधी मागे वळून पाहा, तेथे माणूस किंवा जनावर नको.

तरंगी बुडाली किंवा आडवी सरकू लागली की मनगटाने हलका झटका द्या. मासा जोर करील तेव्हा काठी उभी धरून त्याला पळू द्यावे, थकल्यावर ओढावे. चरखीचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर सुटेल असा ठेवा. मासा काठाशी आला की दोऱ्याने उचलू नका, हातजाळीत घ्या.

मरळ: मित्र आणि चोर

अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशासाठी गळाची मोठी विद्या तयार झाली. आपल्याकडे तसाच मासा म्हणजे मरळ. ओढ्याचे पाणी शिरणाऱ्या, अस्तर नसलेल्या तळ्यात तो येतो आणि सोडलेले बीज फस्त करतो. बाजारात मात्र त्याला चांगला भाव असतो. तो हवेत श्वास घेतो, म्हणून अधूनमधून वर येतो आणि त्याची जागा कळते. त्याच्यासाठी जाड दोरा, १/० किंवा २/० नंबरचा गळ आणि लहान मासा हे आमिष वापरावे. शेवाळ असेल तर रबरी बेडूक वरून सरकवावा. त्याचे गळ वर वळलेले असल्याने ते गवतात अडकत नाहीत. मरळीने झडप घातली की क्षणभर थांबा, मगच ओढा.

पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला, तर खाली मरळीची जोडी राखण करीत असते. गावतळ्यात किंवा नदीत अशा जोडीला धरू नये. राखण गेली की थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

स्वतःच्या तळ्यातून मरळ पूर्ण काढायची, तर गळ पुरत नाही. बीज सोडण्यापूर्वी किमान तीन आठवडे मोहाची पेंड टाकावी. हेक्टरी १ मीटर पाण्याला २,५०० किलो हे प्रमाण आहे, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात मीटरभर पाणी असेल तर सुमारे २२५ किलो. याने सगळेच मासे मरतात, म्हणून बीज सोडलेल्या तळ्यात ती टाकू नये.

जिवापेक्षा मासा मोठा नाही

दोन वर्षांपूर्वी अडकलेला गळ सोडवायला मी अस्तराच्या तळ्यात एक पाय टाकला आणि सरळ गळ्यापर्यंत पाण्यात गेलो. ओल्या प्लास्टिकवर ना हात रुततो ना पाय. मला पोहता येते, तरी मी वर येऊ शकलो नाही. काठावरच्या सालदाराने पाइप फेकला म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. त्या दिवसापासून चारही बाजूंना खुंटीला बांधलेले, गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडल्याशिवाय मी कोणत्याही शेततळ्यावर गळ टाकत नाही. आपणही टाकू नका. एकट्याने जाऊ नका, लहान मुलांना एकटे पाठवू नका. बीस रुपयांच्या गळासाठी पाण्यात उतरू नका, दोरा तोडा.

दुसरा धोका डोक्यावर आहे. मोटारपंपाच्या विजेच्या तारा तळ्यावरून जात असतील, तर तेथे काठी उचलूच नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते.

तुटलेला नायलॉन दोरा बांधावर टाकू नका. तो वैरणीतून बैलाच्या पोटात जातो आणि पाखरांच्या पायांना गुंडाळतो.

दुसऱ्याचा हक्क

आपले शेततळे आपले आहे. गावतलाव आणि धरणातील मासेमारीचा ठेका मात्र बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेथे परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या बागेतली संत्री तोडणे. पूर्व विदर्भातल्या ढिवर बांधवांनी तलाव आणि मासा यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. त्यांच्याजवळ एक सकाळ बसलात, तर या भाषणात राहून गेलेले पुष्कळ काही कळेल.

शेवटी एवढेच सांगतो. घरी गेल्यावर गळ विकत घेण्याआधी तळ्याला चार दोर बांधा. मग खळ्यावर टोपली मांडा. टोपलीत दहापैकी सात वेळा वजन पडू लागले की तळ्यावर चला.