हिरो बाहेरूनच का येतो?

आज तीन फिल्म सिरीज एकत्र घेऊया: 'इंडियाना जोन्स', 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आणि नवी 'जुमांजी'.

वरून तिन्ही वेगळ्या दिसतात, पण आतला कोड जवळजवळ सारखाच. एक पवित्र किंवा शापित वस्तू असते. हिरो तिच्यामागे, लोभी व्हिलनही तिच्याचमागे. आणि शेवटी ती कुणालाच घरी नेता येत नाही. 2003च्या 'पायरेट्स'मध्ये सोन्याची नाणी पेटीत परत टाकल्याशिवाय शाप उतरत नाही. 2017च्या 'जुमांजी'त रत्न जॅग्वारच्या डोळ्यात परत बसवावं लागतं. 1989च्या इंडियाना जोन्समध्ये पवित्र प्याला मंदिरातच राहतो. म्हणजे काय, तर जिथलं तिथं राहू द्या. हे मला पटतं.

खटकतं ते वेगळंच. 1984चा 'टेम्पल ऑफ डूम' आठवा, अमरीश पुरीवाला. गोष्ट भारतातली. गावाचा पवित्र दगड चोरीला गेलाय, लेकरं पळवून नेलीत. आणि गावकरी काय करतात? वाट बघतात! मग विमानातून रबरी होडीसकट उडी मारलेला अमेरिकन प्रोफेसर येतो, दगड आणून देतो.

आता आपल्या चंद्रपूरकडे या. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं असं सांगतात, तो तारू गावचाच प्रमुख होता. वाघाशी झुंजताना गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तलावाकाठी त्याचं देवस्थान आहे. हा हिरो काम संपवून परत जात नाही, कारण तो तिथलाच आहे.

ही झाली दंतकथा. पण गडचिरोलीत खरी गोष्टही आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. इथंही जिथलं तिथं परत आलं. फक्त ते कुणी बाहेरच्यानं आणून दिलं नाही. सोबत करणारे होते, पण ग्रामसभेत बसून, सर्वसहमती होईपर्यंत बोलून, वर्षानुवर्षं चिकाटी धरली ती गावानंच.

माझं म्हणणं एवढंच, की पिक्चरमधल्या जंगलातली माणसं मदतीची वाट बघत असतात, म्हणून खऱ्या जंगलातली माणसंही तशीच असतील असं आपण धरून चालतो. ते तपासून बघा.

तुमच्या गावात गावचाच हिरो असलेली कुठली गोष्ट सांगतात? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!