लोणच्याची बरणी आणि फुप्फुसे



आषाढात ज्या गृहिणीच्या बरणीतील लोणच्यावरचे तेल बोटभर खाली उतरते, तिला बुरशी कोठून आली हे विचारावे लागत नाही. ती घरच्या हवेत आधीपासूनच तरंगत असते आणि तेलाचा पहारा ढिला पडला, की बेमालूम आत शिरते. फुप्फुसांचेही तसेच आहे. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे दोन-तीन मायक्रॉन व्यासाचे बीजाणू आपण सारेच नित्य श्वासाबरोबर घेतो. फुप्फुसांतील भक्षक पेशी आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी त्यांचा परस्पर बंदोबस्त करतात आणि आपल्याला वर्दीही पोचत नाही. (1729 साली हिचे नामकरण करणाऱ्या मिकेली या इटालियन पाद्र्याला हिच्यात चर्चमधील तीर्थ शिंपडण्याचे उपकरण दिसले, आम्हां डॉक्टरांना एवढे पावित्र्य आढळत नाही.)

तेल उतरते कोणाचे? रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी ज्यांच्या न्यूट्रोफिल पेशी घन मिलिमीटरला 500 च्या खाली गेल्या त्यांचे, मूत्रपिंडाचे रोपण झालेल्यांचे, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यांचे. अशांना ताप येतो, खोकला जडतो, क्वचित थुंकीत रक्त दिसते, आणि आपल्या मुलखात सर्वांना प्रथम क्षयच आठवतो. क्षयाची औषधे बुरशीला लागू पडत नाहीत. उलट त्यांतील रिफॅम्पिसिन हे व्होरिकोनॅझोल या बुरशीवरील मुख्य औषधाचे रक्तातील प्रमाण पार खाली आणते.

माझ्या एका रोग्याच्या मुलांनी, बाबा रुग्णालयातून घरी येणार म्हणून, मोठ्या हौसेने ओल आलेली भिंत खरवडून रंगकाम काढले. तिसऱ्या आठवड्यात बाबा पुन्हा खाटेवर. नेमकी तीच भिंत कारण झाली असे शपथेवर सांगता येणार नाही, पण तेल उतरलेल्या बरणीत ओली पळी घालू नये, एवढे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते! रंगकाम, जुने धान्य पाखडणे, कुजलेल्या पाल्याचे खत उपसणे ही कामे अशा रोग्यापासून दूर ठेवा.

निसटले असेल म्हणून पुन्हा सांगतो: बुरशी नवी येत नाही, पहारा उतरतो. मधुमेहात म्यूकर नावाची दुसरी बुरशी काय करते, हे 2021 साली कोविडच्या साथीत आपण पाहिलेच. त्याविषयीही बोलायचे होते, पण वेळ संपल्याचा तांबडा दिवा समोर लागला आहे. तेव्हा एकच विनंती. घरातल्या अशा माणसाचा खोकला हटत नसेल, तर औषधांच्या साऱ्या चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि न संकोचता विचारा, "डॉक्टर, ही बुरशी तर नाही ना?"